बोलक्या ग्रंथालयातली मुकी डिस्क

१

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ग्रंथपालांनी मृत्यू जाहीर केला.

"गेली," ते म्हणाले, आणि टॉवेलात गुंडाळलेली वस्तू त्यांनी काउंटरवर इतक्या हळुवारपणे ठेवली, की पलीकडे घड्याळांत डोकं घालून बसलेले सासरे डोळ्याचं भिंग काढून उठून उभे राहिले.

दुकान एकच होतं, पण त्यात दोन धंदे सुखाने नांदत होते. डाव्या अंगाला सासरे घड्याळं दुरुस्त करत. उजव्या अंगाला सून बंद पडलेल्या हार्ड डिस्कांमधून लोकांचे फोटो, पत्रं, प्रबंध बाहेर काढत असे. आलेली डिस्क ती आधी कानाशी धरायची, मग तळहातावर ठेवून तिची थरथर बघायची. नाडी बघते म्हणून बाजारात तिचं नाव पडलं वैद्यीण, आणि आता बिलावर काही का लिहिलेलं असेना, हाक त्याच नावाने यायची.

टॉवेलातून एक काळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क निघाली. मोठ्या साबणाच्या वडीएवढी.

"दोनशे अकरा पुस्तकं आहेत हिच्यात," ग्रंथपाल म्हणाले. "आमचं बोलकं ग्रंथालय. न दिसणाऱ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो आम्ही. सव्वीस वर्षांचं काम, आणि सगळं एकाच बाईंच्या आवाजात. आज चार वाजता मुख्य ग्रंथालयाची गाडी येणार आणि सगळा संग्रह तिकडे जाणार. सकाळी बघतो तर दिवा लागतोय, आत काहीतरी फिरतंय, पण कॉम्प्युटर ओळखच देत नाही. शेजारच्या कॉम्प्युटरला लावली. तिथेही तेच. जणू आम्ही काही लावलेलंच नाही!"

"दुसरी प्रत?"

"तीच तर तिकडे गेल्यावर होणार होती."

सासऱ्यांनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. वैद्यिणीने डिस्क कानाशी धरली, तळाचे स्क्रू पाहिले, मग आपल्या टेबलावरची केबल उचलून लावली.

दिवा लागला. डिस्क गुणगुणली. तीन सेकंदांत पडद्यावर दोनशे अकरा फोल्डर ओळीने उभे राहिले.

ग्रंथपाल पडद्याकडे, मग तिच्या हाताकडे बघत राहिले. "काय केलंत?"

"काहीच नाही. तुमची केबल कुठे आहे?"

"ती तिकडेच राहिली. घाईत..." त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

"थांबा, मी एक प्रत काढून घेते."

"नको, नको. संग्रह बाहेर ठेवायची परवानगी नाही, आणि मला याद्या करायच्यात अजून." त्यांनी डिस्क पुन्हा टॉवेलात गुंडाळली आणि आले तसेच धावत गेले.

"हात लावताच बरी झाली," सासरे म्हणाले. "असे रोगी मला का मिळत नाहीत, सूनबाई?"

ती हसली, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. मेलेली डिस्क अशी सरळ उठून बसत नाही. चाळीस मिनिटांनी फोन वाजला तेव्हा तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

"वैद्यीणबाई," ग्रंथपालांचा आवाज खोल गेला होता, "ती परत मेली."

२

बोलकं ग्रंथालय एका जुन्या दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. चार खोल्या. एकीत ग्रंथपाल, दुसरीत पुठ्ठ्यांसारखी जाडजूड ब्रेल पुस्तकं. तिसरी रेकॉर्डिंगची, भिंतींना स्पंज लावलेली. तिच्यात काचेपलीकडे वाचकाची खुर्ची आणि काचेअलीकडे यंत्रं. चौथीत तपासनीस बसत.

वैद्यीण थेट यंत्रांपाशी गेली. टेबल बघून तिला बरं वाटलं. कोणीतरी नीटनेटका माणूस इथे काम करत होता. प्रत्येक केबल काळी, प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी, टेबलाच्या कडेला ठोकलेल्या छोट्या आकड्यांतून सरळ नेलेली. फक्त डिस्कची केबल तेवढी पांढरी होती.

तिने ती काढून आपल्या पिशवीतल्या तपासणीच्या डबीला लावली. एक दिवा लागला, दुसरा लागला नाही.

"ही फक्त चार्जिंगची आहे," ती म्हणाली. "हिच्यातून वीज जाते, माहिती जात नाही. म्हणून डिस्क फिरत होती, पण कॉम्प्युटरला तिचा एक शब्द ऐकू जात नव्हता. डिस्क ठणठणीत आहे. रोग केबलला होता."

"पण ही कालपर्यंत चालत होती!"

"ही नव्हे. दुसरी कुठली तरी."

तेवढ्यात दार उघडलं आणि पस्तिशीचा एक माणूस आत आला. तो इथला रेकॉर्डिस्ट. त्याला आज दुपारीच बोलावलं होतं; निरोप मिळाला तसा तो धापा टाकत आला होता. टेबलाकडे नजर जाताच तो म्हणाला, "ही केबल माझी नाही. माझी काळी होती. नंबर नऊ."

ग्रंथपाल त्याच्याकडे वळले. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. "कोणाची ते तूच सांग! संग्रह गेला की तुझी जागा बंद होणार. गेल्या आठवड्यात याच खोलीत भांडलास माझ्याशी. म्हणालास ना, हे सगळं बंद पडलं तर बरं होईल?"

"रागात म्हणालो!"

"मी लेखी तक्रार करणार. गाडीबरोबरच पाठवणार."

रेकॉर्डिस्टचा चेहरा पांढराफटक पडला. मुख्य ग्रंथालयात त्याने अर्ज केला होता, हे वैद्यिणीला पुढच्याच वाक्यात कळलं. "म्हणजे तिथली जागाही गेली माझी," तो हळूच म्हणाला.

"चार वाजायला अवकाश आहे," वैद्यीण म्हणाली. "पत्र लिहा, पण पाकीट बंद करू नका."

३

ती पांढरी केबल घेऊन खिडकीपाशी उभी राहिली आणि विचार करू लागली.

संग्रह कोणाला नष्ट करायचा असता तर डिस्क खाली पाडली की काम झालं असतं. चोरायचा असता तर खिशात घातली असती. इथे चोराने काहीच नेलं नव्हतं. एकही फाइल पुसली नव्हती. डिस्क मेली आहे एवढाच भास त्याने उभा केला होता. डिस्क मेली की ती दुरुस्तीला जाते. चार-आठ दिवस मोडतात. म्हणजे याला पुस्तकं नको होती, वेळ हवा होता.

कशासाठी?

डिस्कवरची शेवटची नोंद काल दुपारी एक वाजून बारा मिनिटांची होती. दोनशे अकरावं पुस्तक ही एक कादंबरी; तिचं शेवटचं प्रकरण तेव्हा साठवलं गेलं. रेकॉर्डिस्ट सांगत होता, "बाईंचं वाचन संपलं, मी फाइल ठेवली, कॉम्प्युटर बंद केला आणि दीड वाजता घरी गेलो. मुलीला ताप होता."

"मग इथे कोण राहिलं?"

"पाचपर्यंत तिघं. साहेब, बाई आणि मात्राकाका." तो थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "साहेबांनाही संग्रह जायला नकोच होता, बरं का. पहिल्यांदा पत्र आलं तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. पण ते कोण बोलणार?"

"तुम्ही केलंत का?"

त्याने तिच्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिलं. "मी काळ्यांच्या रांगेत पांढरी केबल लावीन? आणि लावलीच तर मागून लपवून नेली नसती? मघाशी ती तिन्ही आकड्यांतून ओवलेली होती. जशी माझी होती, तशीच्या तशी."

ते तिनेही पाहिलं होतं. जागा अगदी बिनचूक आणि रंग साफ चुकलेला. इतक्या काळजीने काम करणाऱ्या माणसाला एवढी ढळढळीत गोष्ट दिसू नये?

ती तपासनिसांच्या खोलीत गेली. साठीला टेकलेला एक किडकिडीत माणूस हेडफोन लावून बसला होता. समोर उघडं ब्रेल पुस्तक, त्यावर दोन्ही हातांची बोटं. कान रेकॉर्डिंगवर, बोटं पुस्तकावर: दोन्ही जुळतंय का ते पाहणं हे त्यांचं काम. ते आठव्या वर्षापासून पाहू शकत नव्हते. एखादी मात्रा चुकली की ते खोकत, म्हणून सगळे त्यांना मात्राकाका म्हणत.

"या, वैद्यीणबाई," हेडफोन काढत ते म्हणाले. "तुमची मात्रा लागू पडली का रोग्याला?"

"पडली. डिस्क जिवंत आहे, काका. सगळी पुस्तकं जागच्या जागी आहेत."

"वा," ते म्हणाले. मग क्षणभराने, "म्हणजे आजच नेणार?"

ओळीवर सरकणारी बोटं मधेच थांबली होती. सव्वीस वर्षांचं काम वाचल्याची बातमी ऐकून माणूस हसतो, देवाचं नाव घेतो, निदान सुस्कारा तरी टाकतो. काकांनी मात्र खाली मान घातली होती.

४

वाचणाऱ्या बाई काचेपलीकडच्या खोलीत आपलं सामान आवरत होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, ताठ कण्याच्या, निवृत्त शिक्षिका. आवाज ऐकल्याबरोबर वैद्यिणीला वाटलं, या आवाजात कोणी वाण्याची यादी वाचली तरी आपण शेवटपर्यंत ऐकू.

"बसा ना. तुम्ही त्या डिस्कच्या डॉक्टर. मला त्यातलं काही कळत नाही हो, मी आपली वाचते."

"काल संपवलीत म्हणे कादंबरी."

"संपवली. छत्तीस प्रकरणं. दीपगृहावर राहणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट आहे. मी शिकवायचे ना, तेव्हा मुलांना सांगायचे ती. जवळजवळ पाठच." बोलताना बाई तिच्या चेहऱ्याकडे न बघता जरा बाजूला, तिच्या खांद्यापलीकडे बघत होत्या. टेबलावरचा दिवा खोलीच्या मानाने फारच मोठा होता.

"पुस्तक बघू?"

"बघा की." बाईंनी टेबलावर हात फिरवून पुस्तक शोधलं आणि पुढे केलं.

प्रत कोरी करकरीत, रेकॉर्डिंगसाठीच विकत आणलेली. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या: इथे श्वास, इथे थांबा, इथे आवाज खाली. वैद्यीण पानं उलटत गेली. विसाव्या प्रकरणापासून खुणा मोठ्या होत गेल्या होत्या. अठ्ठाविसाव्यात त्या ओळी सोडून मजकुरावर चढल्या होत्या. एकतिसाव्या प्रकरणानंतर खुणाच नव्हत्या.

तिने शेवटचं प्रकरण उघडायला अंगठा घातला आणि तिथेच थबकली.

पानं उघडेनात. शेवटच्या सोळा पानांची वरची कड छापखान्यात कापायचीच राहून गेली होती. पानं जोडीजोडीने एकमेकांना घट्ट चिकटलेली, आतल्या बाजूला आजवर कोणाची नजर पोचलेली नाही. तिने पुस्तक सावकाश मिटलं.

काल दुपारी या खुर्चीत बसून बाईंनी शेवटचं प्रकरण वाचलं होतं. रेकॉर्डिंग डिस्कवर होतं. मग त्या नेमकं काय वाचत होत्या?

५

तिने रेकॉर्डिस्टला शेजारी बसवलं, आपली चांगली केबल लावली आणि तेहतिसावं प्रकरण सुरू केलं. ही पानं मोकळी होती. पुस्तक तिच्या मांडीवर.

बाईंचा आवाज सांगत होता: "मुलीने दिव्याची काच इतकी पुसली, इतकी पुसली, की काच आहे की नाही तेच तिला कळेना. मग तिने बोट टेकवलं. बोटाचा ठसा उमटला, तेव्हा कुठे तिची खात्री पटली."

पुस्तकात एवढंच होतं: मुलीने काच पुसली आणि ती खाली आली.

"अरे बाप रे," रेकॉर्डिस्ट पुटपुटला.

"तुम्हाला कळलं नाही कधी?"

"मी आवाजाची पातळी बघतो हो. काटा लाल झाला का, मागून गाडीचा आवाज आला का. शब्द बघायला काका आहेत."

काका होते. वैद्यिणीने तपासणीची वही मागवून घेतली. काकांनी दोष ब्रेलमध्ये टोचून ठेवायचे, मग वाचून दाखवायचे आणि ग्रंथपालांनी ते ऐकून वहीत उतरवायचे, अशी पद्धत होती. पहिलं प्रकरण: सहा दोष. दुसरं: चार. एकतिसावं: अकरा दोष, प्रत्येक शब्दानिशी. बत्तिसावं: तपासले, दोष नाही. तेहतिसावं: दोष नाही. पस्तिसाव्यापर्यंत तेच. छत्तिसावं आज सकाळीच ऐकलं जायचं होतं.

पेन्सिलीच्या खुणा जिथे संपल्या, तिथेच काकांचे दोषही संपले होते.

तिने पांढरी केबल पुन्हा हातात घेतली. आता तिने ती बघितली नाही, डोळे मिटून बोटांतून फिरवली. टोकापाशी, पिनेच्या जरा खाली, अंगठ्याला काहीतरी लागलं. पांढऱ्याच दोऱ्याच्या दोन गाठी, तांदळाच्या कणीएवढ्या. डोळ्यांना त्या दिसल्याच नव्हत्या.

बघून कोणालाही चार्जिंगची केबल ओळखता येत नाही. ही मात्र ओळखता यावी म्हणून कोणीतरी खूण केली होती, आणि ती खूण बोटांसाठी होती. रंग चुकला होता, कारण लावणाऱ्यासाठी रंग नव्हताच.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. ग्रंथपाल डोकावले. "पत्र तयार आहे. मुख्य ग्रंथालयाचा फोन आला होता. गाडी तासभर आधी येतेय."

६

वैद्यिणीने तपासनिसांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि केबल काकांच्या हातात ठेवली.

"हिला दोन गाठी आहेत, काका. एका गाठीची कुठली?"

काकांचा अंगठा गाठींवरून एकदा फिरला. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि नीट गुंडाळलेली काळी केबल टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर नंबर होता नऊ.

"एक गाठ म्हणजे सगळं नेणारी. दोन म्हणजे नुसती वीज नेणारी," ते म्हणाले. "माझ्या बोलत्या घड्याळाची आहे ती. आपल्या रेकॉर्डिंगवाल्या पोराने एकदा तिच्यावरून मला फोनमध्ये पुस्तकं भरून द्यायचा प्रयत्न केला होता. तासभर वैतागला. तेव्हापासून गाठी मारून ठेवल्या. काल दुपारी साहेब फोनवर होते, बाई विसावल्या होत्या. दोन मिनिटांचं काम." ते कडवट हसले. "साहेब घाईत केबल इथेच विसरतील हे काही माझ्या हिशेबात नव्हतं."

"बाईंसाठी केलंत?"

"बत्तिसाव्या प्रकरणात एक अख्खा परिच्छेद आला, जो माझ्या बोटांखाली नव्हता. मी तीनदा चाचपलं. वाटलं ब्रेलवाल्यांनी गाळला असेल. मग दुसरा आला. तेव्हा लक्षात आलं, बाईंना दिसत नाहीये. त्या आठवून आठवून सांगतायत, आणि आठवत नाही तिथे स्वतःच्या पदरचं घालतायत. सुरेख घालतायत हो! म्हणून तर..." ते थांबले. "पण ते पुस्तक नव्हे. आम्ही पानावर काय आहे ते बघू शकत नाही, म्हणून वाचणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. तिथे एक शब्दही पदरचा चालत नाही. हे मीच सगळ्यांना सव्वीस वर्षं बजावत आलोय. आणि मीच लिहिलं, दोष नाही."

"बोलला का नाहीत त्यांच्याशी?"

"कसं बोलू? तिकडे समिती पहिलं आणि शेवटचं पुस्तक ताडून बघणार. एक खोटं सापडलं की सव्वीस वर्षांवर बोट ठेवणार. म्हटलं आठवडा मिळाला तर काहीतरी सुचेल, धीर होईल. सुचलं काहीच नाही."

"काका, तिकडे एका निरपराध माणसाच्या नावाचं पत्र तयार आहे."

काकांनी मान वर केली. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. ते लगेच उठले, काठीही न घेता, आणि दाराकडे निघाले.

ग्रंथपालांच्या खोलीत बाई आधीच येऊन बसल्या होत्या. रेकॉर्डिस्ट दाराशी उभा होता. काकांनी कोणाचीही वाट न बघता उभ्याउभ्याच सांगून टाकलं: केबल मी बदलली. का, ते मात्र सांगितलं नाही. माझी लहर म्हणा, असं म्हणाले.

"लहर?" ग्रंथपाल खुर्चीतून अर्धे उठले. "तुम्ही? काका, तुमच्या सेवेची नोंद माझ्या हातात आहे, असं काही लिहायला लावू नका मला!"

"लिहा."

"नका लिहू," बाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. बाई कोणाकडेच बघत नव्हत्या.

"काका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, उगाच कशाला त्या वाटेला जाता? सव्वीस वर्षांत तुम्ही माझा एक अनुस्वार सोडला नाहीत. लागोपाठ चार प्रकरणं दोष नाही म्हणून आली, तेव्हाच मला कळलं की तुम्हाला कळलंय. वाटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. आणि तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीही गप्प बसले." त्यांनी ग्रंथपालांकडे तोंड केलं. "माझी नजर मधूनच जातेय साहेब. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. अक्षर तर नाहीच. शेवटची पाच प्रकरणं मी वाचलेली नाहीत. रचलीत."

ग्रंथपाल खाली बसले.

"सांगायचं होतं हो. पण ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आयुष्यभर वाचलं, आणि त्यांच्यासमोरच माझे डोळे चालले म्हणायची लाज वाटली. कसली लाज ती! मलाच समजत नाही."

काका चाचपडत पुढे आले. खुर्चीची पाठ हाताला लागली तशी त्यांनी ती ओढून घेतली आणि बाईंच्या शेजारी बसले.

ग्रंथपालांनी टेबलावरचं पाकीट उचललं, चार तुकडे केले आणि रेकॉर्डिस्टकडे बघितलं. त्यांना माफी मागायची सवय नव्हती. "मुलीचा ताप कसा आहे?" ते म्हणाले.

"उतरलाय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. जरा वेळाने तो पुढे आला आणि नऊ नंबरची केबल उचलून आपल्या जागी लावायला घेऊन गेला.

७

तीन वाजता गाडी आली. मधल्या वेळात वैद्यिणीने नियम बाजूला ठेवायला लावून डिस्कची प्रत करायला घेतली होती आणि यावेळी ग्रंथपालांनी हूं की चूं केलं नाही. दोनशे दहा पुस्तकं गेली. यादीत दोनशे अकराव्यापुढे ग्रंथपालांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: शेवटची पाच प्रकरणे पुन्हा वाचायची आहेत. का, तेही लिहिलं, बाईंच्या संमतीने, दोन सरळ ओळींत.

वाचायची कशी, हा प्रश्न होता. तो काकांनीच सोडवला. काचेपलीकडच्या खोलीत दुसरी खुर्ची मांडली. काका ब्रेलवरून एक वाक्य बोटांनी वाचत आणि हलक्या आवाजात बाईंना सांगत. बाई ते मनात धरून, मग आपल्या आवाजात म्हणत. रेकॉर्डिस्ट नंतर काकांचा आवाज काढून टाकी. एका पानाला पाऊण तास लागायचा. तो दोनदा वैतागला आणि दोनदा स्वतःहून चहा करून घेऊन आला.

सुरुवातीची घोषणा बाईंनी स्वतः रचली. या पुस्तकात पदरचं म्हणून तेवढंच: "बत्तीस ते छत्तीस ही प्रकरणे मला दिसत नव्हती. ती तपासनिसांनी बोटांनी वाचली, मी फक्त म्हटली आहेत."

अकराव्या दिवशी शेवटचं पान होतं. यंत्रं तपासायच्या निमित्ताने वैद्यीण आली होती आणि काचेअलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसली होती.

"बोट आली नाही," काकांनी हळूच सांगितलं. "मुलीने दिवा लावला आणि ती झोपायला गेली."

बाईंनी मान त्यांच्याकडे वळवली.

"काका, बोट येते," त्या म्हणाल्या. "शेवटी तिचे वडील बोटीतून परत येतात. मी वर्गात तीस वर्षं असंच सांगत आले. मुलं टाळ्या वाजवायची."

काकांची बोटं पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेली. ती सावकाश सरकली, शेवटाला टेकली. मग त्यांनी पान उलटून पाहिलं. पलीकडे काही नव्हतं.

"नाही येत, बाई."

"नक्की?"

"नक्की."

रेकॉर्डिस्टने बटणाकडे हात नेला. वैद्यिणीने त्याचं मनगट धरलं. आत बाई मान खाली घालून बसल्या होत्या. मग त्यांनी पाठ सरळ केली, घोटभर पाणी घेतलं आणि मायक्रोफोनजवळ तोंड नेलं.

"बोट आली नाही," त्यांनी वाचलं. "मुलीने दिवा लावला आणि ती झोपायला गेली."